काळूला बॅटरी बसवताना

१२ जानेवारी

मायना लिहिलेला नाही. 'प्रिय' लिहायला हात धजेना आणि नुसतंच सुरू केलं तर ते कोर्टाचं समन्स वाटतं. तरी नुसतंच सुरू करते.

तुरुंगाच्या पत्त्यावर पत्र कसं टाकतात ते पोस्टातल्या बाईंना विचारावं लागलं. त्या म्हणाल्या, आधी नंबर लिहा, मग नाव. तू आत गेल्यापासून मी तुला एक ओळही लिहिली नाही, आणि आजही लिहिली नसती. काम आहे म्हणून लिहितेय. माफ केलं असा अर्थ काढू नकोस.

अप्पांना ऑक्टोबरात झटका आला. उजवा हात आणि उजवा पाय गेला. बोलणंही गेलं. आता त्यांच्या तोंडून एकच शब्द निघतो : नको. पाणी हवं असलं तरी नको, नको असलं तरी नको. डॉक्टर म्हणतात, असं होतं. मेंदूत एखादाच शब्द शिल्लक राहतो, आणि तो कुठला राहावा हे कुणाच्या हातात नसतं. मी भाड्याची खोली सोडून घरी राहायला आलेय. सकाळी त्यांचं सगळं आवरून चष्म्याच्या दुकानात जाते. दुपारी शेजारच्या काकू बसतात, सहाला मी परत येते.

त्यांची कॉट आईच्या शिवणाच्या खोलीत हलवली, कारण तिथली खिडकी खाली आहे आणि पडल्या पडल्या बाग दिसते. तर ते सारखं डाव्या हाताने बाहेर दाखवतात. आधी वाटलं, गवत वाढलंय ते दाखवताहेत. गवत कापून घेतलं. तरी दाखवतात. मग लक्षात आलं, रूळ.

तू पिऊन गाडी चालवलीस आणि आई परत आली नाही, तेव्हापासून अप्पांनी बागेतली ती छोटी रेल्वे एकदाही लावली नव्हती. पोपटला आणि काळूला, दोन्ही इंजिनांना, कापडात गुंडाळून शेडमध्ये ठेवलं होतं. मी काळूला बाहेर काढलं, रुळावर ठेवलं, बटण दाबलं. हातभर पुढे गेला आणि थांबला. रूळ काळे पडलेत, त्यातून चाकांना वीजच मिळत नाही. रविवारभर गुडघ्यावर बसून पॉलिश पेपरने घासले. गाडी अर्धा फेरा गेली. अप्पा इतके खूश झाले की त्यांना खोकला लागला. दुसऱ्या दिवशी दव पडलं आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. गाडी अडली की ते कावरेबावरे होतात, गादीवर हात आपटतात.

छंदाच्या गाड्या विकणारा दुकानदार म्हणाला, रुळातून वीज घेणं सोडून द्या. इंजिनालाच बॅटरी बसवा आणि रिमोटवर चालवा, मग रूळ कितीही घाण असोत. सगळं सामान त्याने दिलं. पण काळू उघडून बघितला आणि हात जोडले. म्हणाला, यातल्या वायरी कारखान्यातल्या नाहीत, कुणीतरी आपल्या डोक्याने घातल्यात. ज्याने घातल्यात त्यालाच विचारा.

म्हणून विचारतेय. कुठली वायर कापायची, कुठली ठेवायची, एवढंच लिही.

ताई

१० फेब्रुवारी

तुझं उत्तर एकदाचं मिळालं. ते मिळवायला काय करावं लागलं ते ऐक.

तीन आठवडे वाट बघून मी फोन केला. तिथले साहेब म्हणाले, तुमच्या भावाने लिहिलेलं पत्र आम्ही अडवून ठेवलंय. त्यात बॅटरी, फ्यूज, रिमोट आणि कुठली वायर कुठे जोडायची याच्या आकृत्या आहेत. यातून काय उडवायचा बेत आहे, बाई?

मी म्हटलं, काही उडवायचं नाही, चालवायचंय. त्यांना पटेना. शेवटी दुकानातून अर्धा दिवस सुट्टी काढली आणि काळूला पिशवीत घालून थेट तिथे गेले. फाटकावर पिशवीची झडती झाली. साहेबांच्या टेबलावर काळूला ठेवलं, पोट उघडून दाखवलं, ही मोटर, ही चाकं, या तुमच्या त्या संशयित वायरी. हळूहळू तीन-चार जण गोळा झाले. एकाने चाक बोटाने फिरवून बघितलं. साहेब म्हणाले, "हे हातांनी केलंय? आमच्या याने?"

'आमच्या याने' म्हणाले. मला ते कुठेतरी लागलं.

त्यांनी पत्रावर शिक्का मारून माझ्याच हातात दिलं. मग म्हणाले, "आलाच आहात तर भेटून जा. बोलावतो, पाच मिनिटांत येईल."

मी म्हटलं, बस चुकेल. बस चुकणार नव्हती. फाटकाबाहेरच्या बाकावर बसून मी ती बस जाऊ दिली आणि पुढचीही. आत तुला कुणी सांगितलं असेल की बहीण येऊन गेली, तर ते खरं आहे.

पत्र वाचलं. नऊ पानं. आठ पानं काळूची आहेत, आणि ती मला दुकानातल्या कुठल्याही कारागिरापेक्षा नीट कळली. लहानपणी तू मला गणित समजावत होतास आणि मी मोठी असून कानकोंडी होत होते, तीच पद्धत : आधी काय करायचं नाही ते सांगतोस. नववं पान आईचं आहे. तेही वाचलं. त्यावर मला काही लिहायचं नाही.

अप्पा कसे आहेत असं तीनदा विचारलंयस. बरे आहेत.

ताई

२ मार्च

तू लिहिलेलं सगळं केलं आणि एक गोष्ट राहिली, म्हणून हे पत्र.

काळूच्या पोटाचे सहा स्क्रू काढले. ते काम माझ्यासाठी सोपं. चष्म्याच्या दांडीचे स्क्रू याहून बारीक असतात. चाकांना टेकलेल्या पितळी पट्ट्यांच्या वायरी कापल्या, टोकांना नळ्या चढवल्या. मोटरच्या दोन वायरी रिमोटचं ऐकणाऱ्या रिसिव्हरला डाख देऊन जोडल्या. पहिल्यांदा कथील थेंबासारखं नुसतं लोंबत राहिलं आणि माझं बोट भाजलं. दुसऱ्यांदा जमलं. बॅटरी मागच्या कोळशाच्या डब्यात घातली, फ्यूज घातला, आणि रिसिव्हरची लांब वायर मोटरपासून दूर, छताच्या आतून नेली. सगळं पुस्तकासारखं.

संध्याकाळ होत होती. अप्पांना उशा लावून बसवलं, काळूला रुळावर ठेवलं, रिमोटची चकती थोडी फिरवली.

काळू हलायच्या आधी स्टेशनातले दिवे लागले.

मी चकती आणखी फिरवली तसे ते उजळत गेले. आईचे दिवे रे. "स्टेशन आहे तर दिवे नकोत का, माणसं काय अंधारात उतरायची?" असं म्हणून तिने तुम्हा दोघांच्या मागे लागून लावून घेतलेले. तुम्ही म्हणालात, माणसं प्लॅस्टिकची आहेत. ती म्हणाली, म्हणून काय झालं. ती गेल्यापासून ते लागलेले कुणी पाहिले नव्हते; मी रूळ घासले तेव्हा भर उन्हात लागले असले तरी दिसले नसते. मागे वळून बघितलं तर अप्पांचा चेहरा एका बाजूने हसत होता आणि दुसरी बाजू जागची हलत नव्हती, आणि पाणी दोन्ही डोळ्यांतून येत होतं.

मग जळका वास आला. मी धावत जाऊन बॅटरीची वायर उपटली.

नंतर तुझं पाचवं पान पुन्हा काढलं. चाकांच्या मधे, रुळावर घासत जाणारा तो पायासारखा पितळी तुकडा आहे, त्याची वायर कापायची राहिली होती. म्हणजे बॅटरीतली वीज मोटरला जायची ती त्या पायातून रुळात उतरली आणि रुळातून दिव्यांत. तू 'हे विसरलीस तर सगळं उलटं वाहील' असं लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्यास. मी विसरले.

रिसिव्हर जळलाय का तपासायचं कसं, ते कळव. नवा घ्यावा लागला तर घेईन.

ती वायर मी कापलीय. पण लगेच कापली नाही. कात्री हातात घेऊन बराच वेळ बसले होते. रुळात वीज नाही म्हणजे ते दिवे आता गाडीबरोबर लागणार नाहीत. अप्पा आतून बघत होते. मी विचारलं, कापू ना? ते म्हणाले, नको. आता हा हो की नाही, ते तूच सांग. मी कापली.

ताई

२५ मार्च

धाकट्या,

काळू चालतोय.

रिसिव्हर जळला नव्हता, फक्त फ्यूज गेला होता, तू म्हणालास तसंच. नवा घातला आणि रविवारी सकाळी पहिला पूर्ण फेरा झाला : शेडपासून पुलावरून, बोगद्यातून, आईच्या गुलाबांच्या मागून, स्टेशनात. रूळ काळेच आहेत, वर पाला पडलाय, तरी तो आपला निघाला आणि गेला. मी एकटीच टाळ्या वाजवत उभी. काकूंनी कुंपणावरून विचारलं, "लॉटरी लागली का गं?"

मग रिमोट अप्पांच्या हातात दिला. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाई म्हणत होत्याच की डाव्या अंगठ्याला काहीतरी काम द्या. पहिल्याच झटक्यात अप्पांनी चकती पूर्ण फिरवली. काळू वळणावर उडाला आणि गुलाबांत जाऊन आडवा पडला. अप्पा असे हसले की मला वाटलं, पुन्हा झटकाच आला. जन्मभर तुला ओरडले, वळणावर वेग कमी, वळणावर वेग कमी, आणि स्वतः काय केलं बघ.

हे लिहिलं आणि मग जाणवलं की काय लिहिलं. खोडत नाही.

आता ते रोज चालवतात. सकाळी मी काळूला रुळावर ठेवते, रिमोट त्यांच्या हाताखाली ठेवते आणि कामाला जाते. काकू सांगतात, दुपारभर गाडी फिरते. स्टेशनात अलगद थांबवतात, माणसं चढायला पुरेल इतका वेळ देतात, मग निघतात. जन्मभर उजव्या हाताने जेवलेल्या माणसाला डाव्याने घास धरता येत नाही, पण चकती त्याच हाताने केसभर फिरवता येते. व्यायामाच्या बाई थक्क झाल्यात. त्या नवीन आहेत, त्यांना आपल्या घरचं काही माहीत नाही. विचारत होत्या, हे कुणी बनवलं? मी म्हटलं, मीच. मग म्हटलं, मी आणि माझ्या भावाने. "कुठे असतो भाऊ?" मी म्हटलं, बाहेरगावी.

फेब्रुवारीतल्या पत्रात 'बरे आहेत' लिहिलं होतं ते तितकंसं खरं नाही. वजन उतरतंय. गिळताना ठसका लागतो. डॉक्टर सरळ बोलत नाहीत, आणि सरळ न बोलणाऱ्या डॉक्टरचा अर्थ आपल्याला कळतो.

तू लिहिलंस की आजारी वडिलांसाठी दोन दिवसांची सुट्टी मागता येते, घरच्यांची संमती लागते, अप्पांना विचार. विचारते. थोडं थांब.

ताई

२१ एप्रिल

धाकट्या,

तुझी दोन पत्रं आली आणि मी दोन्हींना उत्तर दिलं नाही, कारण अप्पांना विचारून झालं होतं आणि तुला काय सांगायचं ते कळत नव्हतं. पोपटचं इंजिन कसं उघडायचं ते तू दोन्ही पत्रांत लिहिलंयस आणि सुट्टीबद्दल शेवटी एकच ओळ. तुझा तो स्वभाव मला माहीत आहे. लहानपणी भूक लागली की तू इतरांना विचारायचास, तुम्हाला भूक लागली का.

सही मी परस्पर करू शकले असते. पण घर त्यांचं, आणि आई त्यांची बायको. त्यांना न विचारता मी तुला दारात उभं करणार नव्हते. आणि खरं सांगायचं तर मला माझं स्वतःचं उत्तर द्यायचं नव्हतं, ते त्यांच्याकडून घ्यायचं होतं.

सकाळची वेळ होती, त्यांचा चेहरा पुसून झाला होता, काळू फिरत होता. मी कॉटवर बसले आणि म्हटलं, "अप्पा, धाकट्याला दोन दिवस सोडतात म्हणे. बोलवू?"

आई गेली त्या दिवसापासून अप्पांसमोर कुणी तुझा उल्लेख केला नव्हता. त्यांचा अंगठा थांबला. काळू बोगद्यात होता, तिथेच राहिला.

म्हणाले, "नको."

तुला हे कसं समजावू? इतक्या महिन्यांत मी त्यांचा प्रत्येक नको ओळखायला शिकलेय. पाण्याचा तुटक असतो. औषधाचा लांबतो. काकू जायला निघाल्या की केविलवाणा असतो, तो 'बसा' असा. पण हा मी कधी ऐकला नव्हता. अगदी खालच्या आवाजात, जवळजवळ नुसता श्वास.

मी पुन्हा विचारलं. पुन्हा तोच.

मग म्हटलं, "अप्पा, मला कळत नाहीये. यावं असं वाटत असेल तर अंगठा हलवा." हे व्यायामाच्या बाईंनी शिकवलंय. होसाठी अंगठा, नाहीसाठी काही नाही.

ते माझ्याकडे बघत राहिले. आणि अंगठा हलला. पण तो चकतीवर होता ना. काळू बोगद्यातून बाहेर आला आणि पुढे गेला. त्यांनी नजर खिडकीकडे वळवली.

आता तू सांग, मला उत्तर मिळालं की त्यांनी नुसती गाडी पुढे नेली?

मी दोन आठवडे हाच विचार करतेय. रिमोट बाजूला ठेवून परत विचारावं असं रोज ठरवते. आणि रोज वाटतं, तेव्हा अंगठा हललाच नाही तर? तू तिथे आहेस, तुला निदान आशा तरी आहे. ती माझ्या हाताने काढून घ्यायची नाही मला.

काल मात्र विचारलं. रिमोट काढून घेतला, हात हातात धरला, विचारलं. ते झोपले होते की डोळे मिटून पडले होते, कळलं नाही. उठले तेव्हा त्यांनी फक्त रिमोट मागितला.

संमतीचा कागद माझ्याकडेच आहे. या आठवड्यात सही करून टाकते. त्यांचं उत्तर काहीही असो, माझं आहे : ये.

ताई

४ मे

धाकट्या,

परवा बागेत तू विचारलंस, शेवटी काय झालं. दोन शिपाई बाजूला उभे, काकू दारात, आणि तुमच्या साहेबांनी दिलेले तास संपत आलेले. लिहायला मला जमतं, बोलायला नाही. म्हणून आता लिहिते.

कागद मी पाठवला होता. मंजूर होऊन आला असता त्याच आठवड्यात अप्पा गेले. तू आजारी वडिलांसाठी सुट्टी मागितली होतीस आणि मिळाली ती त्यांना पोचवायला. यात कुणाचा दोष नाही. माझा म्हणशील तर मी दोन आठवडे घालवले. तू तसं म्हणाला नाहीस, पण तू ते मोजलं असशील.

रविवार होता म्हणून मी घरी होते. दुपारी त्यांनी दोन घास खाल्ले, ठसका लागला नाही. काळू फिरत होता. चार वाजता आभाळ भरून आलं आणि वारा सुटला. इंजिन भिजलं तर सगळ्या वायरींची वाट लागेल म्हणून मी उठले. म्हटलं, "अप्पा, आता बंद करते हं गाडी."

ते म्हणाले, "नको."

हा मात्र मला लगेच कळला. यात शोधण्यासारखं काही नव्हतं. मी म्हटलं, बरं, राहू दे, आणि त्यांच्यासाठी दूध गरम करायला आत गेले.

परत आले तर मान कलली होती. ओठांवर ती अर्धी बाजू थोडी हसल्यासारखी. हात पांघरुणावर, रिमोट हातात, अंगठा चकतीवर. काळू फिरत होता. स्टेशन आलं तरी थांबत नव्हता.

मी हाक मारली. नाडी बघितली. दूध खिडकीत ठेवलं आणि त्यांच्याजवळ बसले. रिमोट त्यांच्या बोटांतून काढून घ्यायला हवा होता, पण तेवढं मला करवलं नाही. पाऊस आला नाही, नुसता वारा. गाडी पुलावरून, बोगद्यातून, गुलाबांमागून जात राहिली. पूर्वीसारखी असती तर भिंतीवरचं बटण दाबलं की थांबली असती. आता वीज तिच्या स्वतःच्या पोटात होती. डॉक्टर आले, त्यांनी तपासलं, लिहून दिलं, आणि जाताना विचारलं, "बाहेर ते काय फिरतंय?" मी म्हटलं, आमच्या अप्पांचं आहे, थांबेल आता. अंधार पडता पडता ती हळू झाली आणि वळणावर उभी राहिली.

एवढंच झालं. तुझ्याबद्दल शेवटी काही म्हणाले का, असं तुला विचारायचं होतं, मला माहीत आहे. नाही. मी खोटं सांगू शकले असते. आधी तसं ठरवलंही होतं, की लिहीन, अप्पांनी तुझी आठवण काढली. पण तू ओळखलं असतंस. त्यांच्याकडे एकच शब्द होता आणि तो सगळ्यांसाठी होता.

ताई

ता. क. तू शिवणाच्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत आलास आणि आत आला नाहीस ते मी बघितलं. शिपाई म्हणाला, जा की आत, आम्ही थांबतो. तू नुसतं डोकं हलवलंस. मग काळूला उचललंस, पालथं केलंस, माझे डाख बघितलेस. म्हणालास, "चांगलं झालंय ताई. हा एक सांधा जरा कच्चा आहे." बाप गेलाय आणि याला सांधा दिसतोय, असं म्हणून मला तुझ्या थोबाडीत द्यावीशी वाटली, आणि त्याच वेळी मला हसू आलं. ते हसू येताच तू रडायला लागलास. केस किती गेलेत रे तुझे.

१९ जून

धाकट्या,

पोपट झाला. या वेळी एकही वायर विसरले नाही आणि सांधे सगळे पक्के आहेत. हवं तर येऊन तपास.

तू लिहिलंयस की पुढच्या वर्षी सुटलास की दुसऱ्या गावाला जाशील, ओळखीच्या कुणाच्या गॅरेजमध्ये काम आहे, आणि मी काळजी करू नये. घर मी ठेवावं, हवं तर विकावं, तुझी हरकत नाही. हे सगळं फार शहाणपणाचं आहे. वाचून मी कागद टेबलावर ठेवला आणि दुकानात गेले. दिवसभर एका आजोबांच्या चष्म्याची काच बसेना. तीनदा घासली.

तेव्हा नीट ऐक. नवव्या पानाचं उत्तर मी अजून दिलेलं नाही, ते आता देते. तू लिहिलं होतंस की आई म्हणाली होती, टॅक्सी करू या, आणि तू म्हणालास, मी ठीक आहे. हे तू कोर्टात सांगितलं नव्हतंस, फक्त मला सांगितलंस. ते मला माहीत नसतं तर बरं झालं असतं. आता मला रोज ऐकू येतं, तिचं म्हणणं आणि तुझं म्हणणं, दोन्ही तुमच्या दोघांच्या आवाजात. माझा राग गेलेला नाही. जाईल असं वचनही देत नाही. काही दिवस असे येतील की मी तुझ्याशी बोलणार नाही, आणि तुला कारण विचारायचा हक्क नसेल.

पण मी या घरात एकटी राहतेय. संध्याकाळी आल्यावर दिवा मीच लावायचा, कुलूप मीच काढायचं. आईबद्दल बोलायचं तर तिला ओळखणारं तुझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही. ती कशी शिंकायची हे काकूंना सांगून काय उपयोग? जिच्यावरून मी तुला माफ करू शकत नाही, तिच्याबद्दल मला फक्त तुझ्याशीच बोलता येतं. असली पंचाईत कुणावर येऊ नये.

दुसऱ्या गावाला वगैरे जाऊ नकोस. सुटलास की घरी ये. शिवणाच्या खोलीत लगेच जायची गरज नाही, तुझी कॉट पुढच्या खोलीत लावीन. मला सुट्टी मिळणार नाही, मी फाटकावर घ्यायला येणार नाही, आणि आले असते तर तुला बघून काय केलं असतं माहीत नाही. किल्ली काकूंकडे असेल. त्या फार प्रश्न विचारतील, पण मायेने.

मी सहाला येते. माझी वाट बघत बसू नकोस, जेवून घे. ओट्यावर झाकून ठेवलेलं असेल.

तुझी ताई